दोनदा धरलेलं पद

विद्यार्थी तिला पाठीमागे ‘खोडरबर’ म्हणत, कारण ती सगळं गणित पेन्सिलीनं करायची. प्रोटॉनवर आदळून प्रकाश विखुरतो तेव्हा प्रोटॉन स्वतः किती ताणला जातो, हे कागदावर काढणं हे तिचं काम. घरी दोघीच, ती आणि शिवणकाम करणारी थोरली बहीण.

“हा ताण केवढा?” बहिणीनं एकदा विचारलं.

“विचारू नकोस. नसल्यातच जमा.”

“मग कशाला एवढा जीव काढतेस?”

“प्रोटॉनची वीण किती घट्ट आहे, ते त्यावरून कळतं.”

विणीचं म्हटल्यावर बहिणीला पटलं.

तिनं काढलेला आकडा बारा वर्षं पाठ्यपुस्तकांत होता. मग दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत एका तरुण संशोधिकेनं तो प्रत्यक्ष मोजला आणि काही केल्या जुळेना. सगळ्यांनी यंत्राला दोष दिला. तिनंही संशोधिकेला पत्रानं कळवलं, ‘डिटेक्टर पुन्हा तपासा.’ दोन वर्षांनी उत्तर आलं, ‘आता तपासायचं काही उरलं नाही.’

हे वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. जुन्या वह्या बंदच ठेवून तिनं पहिल्यापासून गणित मांडलं. आठव्या दिवशी दुपारी सापडलं. एक पद दोनदा धरलं गेलं होतं, एकदा उघड आणि एकदा दुसऱ्या पदाच्या पोटात. ते काढल्यावर आकडा संशोधिकेच्या मोजमापाशी येऊन टेकला.

“चूक माझीच निघाली,” तिनं घरी सांगितलं.

“मग कळव की तिला.”

“पत्रानं नाही कळवणार. जाऊनच येते.”

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिनं वही पुढे ठेवली. संशोधिकेनं एकेक पान सावकाश वाचलं.

“दोन वर्षं मी स्वतःवरच संशय घेत होते, मॅडम.”

“माहीत आहे मला.”

“नाही. तुम्हाला नाही माहीत.”

संशोधिकेनं खुर्ची ओढली. “बसा. हे पद आत शिरलं कुठून, ते दाखवा.”

दुरुस्ती एका पानाची छापून आली. ‘चूक माझी’ इतकं स्वच्छ लिहायची गरज नव्हती, असं विभागप्रमुख म्हणाले. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत आकडा बदलला आणि त्याखाली संशोधिकेचं नाव आलं. ते पान पाहून तिला दोन दिवस जेवण गेलं नाही, हे फक्त बहिणीला ठाऊक. पुढे संशोधिकेच्या जोडीनं तिनं न्यूट्रॉनचं गणित हाती घेतलं. ते तिच्या निवृत्तीनंतर चार वर्षांनी पुरं झालं.