खडूवरची ओल

भूगर्भातील जलाची पातळी मोजणे हे ज्यांचे एकतीस वर्षांचे नित्यकर्म, त्या गृहस्थांना सारी वस्ती टेपकाका म्हणे. पोलादी फितीच्या टोकाला खडू फासायचा, ती निरीक्षण-विहिरीच्या अरुंद नळीत सोडायची, वर ओढून खडू कुठवर भिजला ते वाचायचे. काम एवढेच, पण ते श्वास रोखून करीत.

नवख्या सहकाऱ्यांना ते बजावीत, "जमिनीला घाई नसते. पाऊस खाली पोचायला आठवडे लागतात. दुसऱ्याच दिवशी पातळी चढली, तर कुठून तरी वरचं आगंतुक पाणी घुसलंय समजा."

अलीकडे पर्जन्याची प्रकृतीच पालटली होती. वर्षाची बेरीज जवळपास तीच. परंतु पूर्वी दोन-अडीच महिने मुरत पडणारा पाऊस आता चार दिवसांत कोसळे आणि माती भिजण्याआधीच ओढ्याने निघून जाई. दरवर्षी फीत थोडी अधिक सोडावी लागे.

त्यांच्या कन्येची दोन खोल्यांची लाँड्री याच भूजलावर चाले. तिची कूपनलिका तासभर पाणी देऊन धापा टाकू लागे.

"बाबा, तुमचं खातं नुसतीच नाडी बघतं. औषध कधी देणार?" ती चिडवी.

नदीकाठच्या शहरातील रुग्णालयाने तिला धुलाईविभागात नोकरी देऊ केली होती. शनिवारपर्यंत उत्तर हवे होते.

गुरुवारी आभाळ फाटले. शुक्रवारी फीत वर आली तेव्हा पातळी तब्बल दोन मीटर चढलेली! टेपकाका तडक लाँड्रीत गेले.

"नाही म्हणून कळव त्यांना. पाणी आलंय."

"नक्की ना? तुमच्या भरवशावर पाय मागे घेतेय हं."

"मग एकतीस वर्षं काय माश्या मारल्या मी?"

तिने दुपारीच नकार कळवला.

दहा दिवसांनी पातळी पूर्वीहूनही खाली होती. टेपकाका विहिरीच्या झाकणाशी ओणवे झाले. नळीच्या गळ्याशी तडा गेला होता. रस्त्यावरचा लोंढा तेथून आत उतरला होता. त्यांनी मोजले ते केवळ नळीत साचलेले पाणी. जो नियम त्यांनी इतरांच्या गळी उतरवला, तोच लेक जवळ राहील या मोहापुढे त्यांना स्मरला नव्हता.

त्यांनी तिला सारे सांगितले. तिने रुग्णालयात फोन लावला. जागा भरली होती.

"पुढच्या वर्षी..." टेपकाका बोलू लागले आणि थांबले. पुढच्या वर्षीचे आकडे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

कूपनलिकेतून नुसती हवा येत होती. धुवायला आलेल्या चादरी तिने तशाच मळक्या पुन्हा गाठोड्यांत बांधायला घेतल्या. टेपकाका चादरीचे दुसरे टोक धरायला पुढे सरसावले.

"राहू द्या, बाबा," ती न पाहताच म्हणाली. "तुम्ही बसा."

ते बसले नाहीत, गेलेही नाहीत.