पोटातल्या बाळाची शपथ

देवाधर्माचे अनुभव लिहायला मी काही योग्य बाई नव्हे, हे आधीच सांगून टाकते. उपास मला झेपत नाहीत, आरत्या निम्म्या पाठ आहेत, आणि ज्या दिवसांबद्दल लिहितेय त्या दिवसांत तर मी देवघरातली काडेपेटी उचलून गच्चीवर सिगरेट ओढायला नेत होते. पोटात पाच महिन्यांचं बाळ होतं. वाचून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील तर पडू द्यात. माझ्या स्वतःच्या कपाळावरच्या अजून गेलेल्या नाहीत.

सिगरेट मला लागली ती ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या पहिल्या नोकरीत. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि "सर, तुमची गैरसोय समजू शकते" म्हणायचं. ब्रेक मिळाला की सगळे खाली टपरीवर. पहिली मी गंमत म्हणून ओढली. दोन वर्षांत दिवसाला सहा-सात कधी झाल्या ते कळलंही नाही. दिवस राहिल्याचं समजलं त्या संध्याकाळी पाकीट चुरगाळून कचऱ्यात टाकलं आणि नवऱ्याला सांगितलं, "झालं, संपलं." पुरते अकरा दिवस काढले. बाराव्या दिवशी ऑफिसच्या खाली उभी होते. ज्यांनी कधी ओढली नाही ते म्हणतात, सोडायचं ठरवलं की सुटतं, त्यात काय एवढं! अहो, ठरवत तर मी रोज सकाळी होते. हात थरथरायचे, डोकं बधिर व्हायचं, समोरच्या माणसाचा गळा धरावासा वाटायचा. मग मी एकच म्हणून जायची, आणि परत येताना स्वतःला अशा शिव्या घालायची की लिहिता येणार नाहीत. पोट दिसायला लागल्यावर टपरीवाल्याने मान फिरवली. "मॅडम, तुम्हाला नाही देणार," म्हणाला. मी तोंड वर करून रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या टपरीवर गेले. इतका निर्लज्जपणा अंगात कुठून आला होता, देव जाणे.

ठाकुर्लीला आम्ही तिघं राहतो, नवरा, मी आणि सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. आई मूळच्या कोकणातल्या, बोलायला फटकळ, पण मायाळू. माझे डोहाळे पुरवायचे म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. "काय खावंसं वाटतं गं? बोल, मनात ठेवू नकोस. डोहाळे राहिले तर पोराची लाळ गळते." कधी आंबोळ्या, कधी सांदण, कधी कुठूनतरी शोधून आणलेल्या करवंदांचं लोणचं. मी मुकाट खायची. ज्याचे डोहाळे मला लागले होते ते त्या माउलीला कुठल्या तोंडाने सांगणार? बडीशेप चघळून, हात तीनतीनदा धुऊन मी त्यांच्याजवळ बसायची. नवऱ्याला मात्र माहीत होतं. एकदा तो बोलला, तर मी त्याच्यावर फिस्कारले, "मग घे ना तूच नऊ महिने पोटात!" त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. तोही पूर्वी ओढायचा, लग्नानंतर सोडली होती, म्हणून त्याचं सुटणं मला आणखी डाचायचं.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळ लहान निघालं. डोंबिवलीच्या आमच्या डॉक्टरबाईंनी दोनदा मोजून पाहिलं. "वाढ कमी आहे. घरात कुणी सिगरेट ओढतं का?" आई सोबत होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "मुलगा ओढतो हो, लपूनछपून. सोडली म्हणतो, पण मला वास येतो ना." मी खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत बसले. घरी आल्यावर आईंनी नवऱ्याला असा फैलावर घेतला की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "बाप व्हायला निघालायस, लाज वाटत नाही?" तो माझ्याकडे बघेल, आता सगळं सांगून टाकेल असं मला वाटलं. त्याने बघितलंही नाही. "चुकलं, आई. नाही ओढणार," एवढंच म्हणाला आणि ताटावर बसला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. आमच्या इथे जुन्या गावात तळ्याकाठी गावदेवीचं देऊळ आहे. आई दर मंगळवारी जातात. त्या दिवशी मीही गेले. आई प्रदक्षिणा घालत होत्या तेव्हा मी देवीसमोर उभी राहिले, पोटावर हात ठेवला आणि मनात म्हणाले, "या बाळाची शपथ. पुन्हा ओढली तर..." पुढचं वाक्यही मी म्हटलं होतं. ते इथे लिहिण्याची हिंमत माझ्यात नाही. आपल्याकडे शपथ कशाची घालतात? जे सगळ्यात प्यारं त्याचीच. मला वाटलं, एवढी मोठी शपथ घातली की हात आपोआप थांबेल. भीतीने तरी सुटेल.

नऊ दिवस हात थांबला. दहाव्या दिवशी ऑफिसच्या कामासाठी नवी मुंबईला गेलेले, परतताना शीळफाट्याला गाडी दीड तास जागची हलली नाही. ऊन, धूर, हॉर्न, आणि फोनवर साहेबाची बडबड. मी खाली उतरले, कोपऱ्यावरच्या टपरीतून एक घेतली आणि पेटवली. अर्धी ओढून झाल्यावर शपथ आठवली. खोटं कशाला बोलू, आठवल्यावरही मी ती पूर्ण ओढली.

त्यानंतरचे दोन महिने कसे गेले ते मला आणि त्या देवीला ठाऊक. बाळ जरा वेळ हललं नाही की वाटायचं, झालं, देवीने हिशेब चुकता केला. घाम फुटायचा. आणि घाम फुटला की हात कुठे जाणार? सिगरेटकडेच. मोडलीच आहे शपथ, मग एक काय आणि चार काय, असं मन म्हणायचं. मी बाळाला स्वतःच्या हाताने गहाण टाकून बसले होते आणि सोडवायची वाट दिसत नव्हती. मंगळवारी कंबर दुखते, पाय सुजलेत अशा थापा मारून मी देवळात जायचं टाळायची. आईंना वाटायचं सून दमते. त्या देवीचं कुंकू घरी आणून माझ्या कपाळाला लावायच्या, तेव्हा कपाळ भाजल्यासारखं व्हायचं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. त्याच्या चार दिवस आधी बाळाचं हलणं मंदावल्यासारखं वाटलं म्हणून मी एकटीच दवाखान्यात गेले. डॉक्टरबाई बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. नाळेतून बाळाला रक्त कमी पोचत होतं. "रोज तपासायला या. फारच कमी झालं तर वाट न बघता बाळ बाहेर काढावं लागेल," म्हणाल्या. मी काहीही न विचारता रिक्षात बसले. घरी काय सांगू? मधेच तळं दिसलं आणि मी रिक्षा थांबवली. भर दुपार, देऊळ बंद. बरंच झालं, आत जायचं धाडस नव्हतंच. पायरीवर बसले. पर्समध्ये पाकीट होतं. एका हातात सोनोग्राफीचा कागद आणि दुसरा हात पर्समध्ये, अशी मी देवीच्या दारात बसले होते. मग एकदम रडू फुटलं.

पायरीच्या बाजूला एक म्हातारी ओटीचं सामान विकायला बसायची, नारळ, खण, हळदकुंकवाच्या पुड्या. इथल्याच जुन्या आगरी घरातली. तिच्याशी मी कधी एक शब्द बोलले नव्हते. ती बोटाने दाताला तंबाखूची मशेरी लावत होती.

"काय झाला गो बाय? देऊल चार वाजता उघडल. ररतेस कला?"

कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं मी त्या अनोळखी बाईला सांगितलं. सिगरेट, शपथ, शीळफाटा, सगळं. ते न लिहिलेलं वाक्यही सांगितलं. वाटलं, आता ही उठून मला दोन थोतरीत देईल. ती ऐकता ऐकता मशेरी लावायची थांबली होती. पिंक टाकून तोंड धुतलं, पदराने पुसलं, आणि म्हणाली, "शपथ कोनी घातली? तू. मोडली कोनी? तू. मंग यान पोराचा काय गो? ही देवी आई काय सावकारीन हाय, तुजा पोर ओढून न्यायला?"

मी म्हटलं, "पण मी तिच्यासमोर घेतली ना, मावशी."

"लहानपनी खेळली नाय का कधी? कोनी शपथ घातली का समोरच्यानी 'सुटली' बोलायचा, मंग सुटते." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. पुडीतली हळद बोटावर घेऊन तिने माझ्या कपाळाला लावली, आणि दुसरं बोट माझ्या ड्रेसवरून पोटाला. बंद दाराकडे बघून मोठ्याने म्हणाली, "सुटली गो आई, सुटली. पोरीनी येड्यावानी घातली व्हती." जणू देवी आत भांडी घासत असावी आणि हिने ओसरीवरून हाक मारावी. मग माझ्याकडे वळली. "मी पन बारा वर्साची व्हती तवापासून ही लावतंय. चार पोरां झाली, दोन रायली. तवा कोनी सांगितला नाय का या मशेरीनी काय व्हतं. तुला तर म्हाईत हाय." तिने हळदीची पुडी बांधली. "आईला काय सांगतेस? तिला समदा म्हाईत हाय. ज्यांना म्हाईत नाय त्यांना जाऊन सांग."

नारळ घेऊ लागले तर तिने दिला नाही. "आदी घरी जा," म्हणाली.

घरी आई डोहाळजेवणाच्या करंज्यांसाठी सारण भाजत होत्या. मी ओट्याशी उभी राहून एका दमात सांगून टाकलं. त्यांच्या हातातलं उलथणं थांबलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या पोराला मी उगाच बोलले?" आणि सारण करपायला लागलं तरी तशाच उभ्या राहिल्या. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, पण नजर द्यायच्या नाहीत. डोहाळजेवण त्यांनी रद्द केलं. नवरा तेवढा संध्याकाळी जवळ येऊन बसला आणि म्हणाला, "बरं केलंस." मी पाकीट त्याच्या हातात दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीशी येरझाऱ्या घालत होते, आई स्वयंपाकघरातून बघत होत्या. "आत्ता आठवण येतेय का त्या मेलीची?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "किती वेळ राहते?" मी म्हटलं, दहा मिनिटं, फार तर पंधरा. त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि माझ्याजवळ पलंगावर येऊन बसल्या. "बसते मी. जाऊ दे दहा मिनिटं." त्यांच्या हाताला लसणाचा वास येत होता. दहा मिनिटं गेली.

चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. डॉक्टरबाईंना खरं सांगितलं, त्या रागावल्या आणि मग नीट मदतही केली. तरी मी दोनदा घसरले. दोन्ही वेळा घरी येऊन सांगितलं, शपथ मात्र पुन्हा घेतली नाही. आठव्या महिन्यात रक्तपुरवठा फारच कमी झाला आणि पोट फाडून मुलगी काढावी लागली. इवलीशी, ओंजळीत मावेल एवढी. एकोणीस दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि मी काचेच्या बाहेर. तिच्या बरगड्या वरखाली होताना बघत देवीला एकच म्हणायची, "आई, तुझं तू बघ, माझ्या हातात काही नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला अट घातली नव्हती.

मुलगी आता तीन वर्षांची आहे. हिवाळ्यात तिला धाप लागते, वाफेचं मशीन लावावं लागतं. हे माझ्यामुळे का, असं मी डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाले. ती धापेने उठून बसते तेव्हा मला शीळफाटा आठवतो. ही टोचणी माझी आहे, ती मला कुणाच्या पायावर घालून मोकळं व्हायचं नाही.

मुलगी चालायला लागल्यावर तिला घेऊन मी त्या मावशींकडे गेले होते, साडी आणि ओटी घेऊन. त्यांना मी आठवतच नव्हते. "कनची गो तू? रोज बाया येतान इथं ररायला," म्हणाल्या. मी त्या दुपारची गोष्ट सांगितली तरी त्यांना काही आठवेना. मुलीच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "बारीक हाय. भात खायाला घाल." आणि पुन्हा मशेरीचं बोट तोंडात. मग माझ्यासाठी ते बंद दार कुणी उघडलं म्हणायचं? मी फार विचार करत नाही. त्या पायरीला हात लावून कपाळाला लावते.

तलफ अजून येते. इतक्या वर्षांनी कमी येते, पण येते, आणि आली की अंगात जुना कली शिरतो. तेव्हा मी देवीला नवस बोलत नाही, स्वतःला दरडावत नाही. फक्त स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणते, "आई, जरा बसता का?"

त्या काय झालं म्हणून विचारत नाहीत. गॅस बंद करतात, हात पुसतात आणि माझ्याजवळ येऊन बसतात.