टाकीत घालायची पितळी काठी

दशरथनाना गेल्याची बातमी आणली ती बार्शीच्या एका सोयऱ्याने. सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या आमच्या दारात चपला काढता काढता तो म्हणाला, "पंपवालं नाना गेलं की, मास्तर. तेरावं बी झालं." मला आधी दुःख झालं नाही. आधी मनात आलं ते हे, की जाण्यापूर्वी नाना माझ्याबद्दल कुणाला काही बोलले असतील का... याला आता दोन महिने होत आले. लाज वाटते, पण जे झालं ते असं.

मी ज्या गावी शाळेवर होतो, त्या गावाच्या वेशीला नव्या धरणाचं पाणी लागलं. होड्या आल्या, मासळीचा बाजार आला. जुना रस्ता मात्र पाण्याखाली गेला आणि नवा लांबून निघाला. जुन्या रस्त्यावर दोन पेट्रोल पंप होते. एकाला लगेच टाळं लागलं. दुसरा नानांचा, पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. हाताने दांडा हलवून पेट्रोल काचेच्या बरणीत चढवायचं आणि तिथून गाडीत सोडायचं. मालट्रक फिरकेनासे झाले. उरल्या गावातल्या पाच-सहा फटफट्या आणि त्यात माझी. पेट्रोल भरून झालं की नळीतले शेवटचे दोन थेंब नाना गिऱ्हाइकाच्या तळहातावर सोडत. "हात करा म्होरं, मास्तर. बघा, उडालं की न्हाय? रॉकेल असतं तर तेलकट ऱ्हायलं असतं." हाताला गार लागायचं आणि बघता बघता तो कोरडा व्हायचा.

मी जातीचा संशयी. वाण्याने तराजू पुसला तरी मला वाटतं, आत्ताच का पुसला? हा माणूस एवढं उघड करून दाखवतोय, म्हणजे काहीतरी झाकतोय, असं मी मनाशी धरून बसलो. त्यात एका पहाटे फिरायला निघालो, तर नाना जमिनीत पुरलेल्या टाकीच्या तोंडाशी ओणवे आणि शेजारी दोन डबे. मला पाहताच त्यांनी डब्यांवर पोतं टाकलं. "लवकर उठला की, मास्तर," म्हणाले, पण मान वर केली नाही. त्याच आठवड्यात माझी गाडी माळावर बंद पडली. मेकॅनिकने कार्ब्युरेटर उघडला, तर आत पाणी. मग हॉटेलात चहा पिताना मी एवढंच बोललो, "नाना पहाटे डब्यांतून टाकीत काय ओततात, कोण जाणे."

ओतताना मी पाहिलं नव्हतं... पण गावाला तेवढं पुरलं. हळूहळू सगळे नव्या रस्त्यावरच्या पंपाकडे जाऊ लागले. मीही. एकदा शाळेपुढे नाना भेटले. "लई दिस गाडी आली न्हाय, मास्तर?" "वापरतच नाही हो हल्ली," मी म्हणालो. गाडी माझ्या मागेच उभी होती, नुकतीच आणलेली. नानांनी इंजिनाजवळ हात नेला, ऊब लागली तसा काढून घेतला आणि निघून गेले. तीच आमची शेवटची भेट.

वर्षाच्या आत पंप बंद झाला. कंपनीच्या माणसांनी टाकी उकरून वर काढली, तेव्हा सारा गाव बघायला जमला होता. टाकीच्या तळाची गंजून चाळण झाली होती आणि खड्ड्यात धरणाचं पाणी पाझरत होतं. पेट्रोल वर तरंगतं, पाणी तळाला बसतं. नाना रोज पहाटे काठी घालून पाणी कुठवर चढलंय ते बघत आणि तेवढं उपसून काढत. डब्यांत ते पाणी असायचं. टाकीत पाणी येतं म्हणून सांगितलं असतं, तर होतं ते गिऱ्हाईकही तुटलं असतं. एखाद्या दिवशी उपसायचं राहून गेलं असेल, आणि तेवढंच माझ्या गाडीत आलं. हे कळल्यावरही मी त्यांच्या घरी गेलो नाही. बदली मागून घेतली आणि सोलापूरला आलो.

मागच्या आठवड्यात धीर करून त्या गावी, नानांच्या बायकोला, वहिनींना भेटायला गेलो. चहाचा घोट घेतानाही डोक्यात तेच, यांना ठाऊक असेल का? वहिनी आत गेल्या आणि टाकीत घालायची ती पितळी काठी आणून माझ्या पुढ्यात ठेवली.

"तुमच्यासाटनं ठिवली हुती त्यांनी."

"माझ्यासाठी? का?"

"म्हनले, मास्तरास्नी टाकीत काय हाय ते बघायचं हुतं. इचाराया जमलं न्हाय त्यास्नी. ही द्या."

त्यांच्या बोलण्यात राग होता का, हे मी ते शब्द पुन्हा पुन्हा आठवून तपासतो. नव्हता. इथे तरी संशय घ्यायला जागा हवी होती, असं वाटतं.

काठी आता दाराआड उभी असते. खालचा चार बोटं भाग पाण्याने काळा पडलाय. परवा स्टेशनजवळच्या पंपावर पेट्रोल भरलं आणि माझा हात आपोआप पुढे झाला. "काय पायजे, काका?" पंपावरच्या माणसाने विचारलं. मी उघडा तळहात तसाच धरून थोडा वेळ उभा राहिलो... मग खिशात घातला.