बैल पुजलेत, गाडी मिळायची न्हाई

"हे काय नेसून आलीस गं? जा, फाटकं नेसून ये."

ताईसाहेब मागच्या पडवीत उभ्या होत्या. मी पायरीखाली. बंगल्याच्या पुढच्या अंगाला गडी खुर्च्या मांडत होते. माझ्या अंगावर जांभळं लुगडं होतं, पिवळ्या काठाचं. पलटणीत भरती झाल्यावर पहिल्या रजेला माझ्या मालकांनी खडकीच्या बाजारातून आणलेलं. नीट घडी घालून ठेवलेलं, कधीमधी नेसलेलं.

मुंबईची मोठी माणसं येणार, तुझ्या नवऱ्याबद्दल ऐकायला येणार, असं ताईसाहेबांनीच मला सांगितलं होतं. मग मी काय करावं? सकाळी सासूनं पाणी तापवून दिलं. मी डोकं धुतलं आणि जांभळं नेसले. आमच्यात मेलेल्या माणसाचं नाव निघणार असेल तिथं त्याच्या बाईनं धड कपड्यात जावं. गबाळं गेलं तर मेलेल्याला कमीपणा. येडी मी. मला वाटलं, सगळीकडं असंच असतंय.

ताईसाहेब रागावल्या नव्हत्या. त्या कधीच रागवायच्या नाहीत, समजावून सांगायच्या. "अगं, तुला अशी नटलेली बघून ते कशाला मदत करतील? तूच सांग." आणि त्यांनी गड्याला हाक मारली. गड्यानं आतनं एक पांढरं लुगडं आणून लांबून माझ्यापुढं टाकलं. ते ताईसाहेबांच्या मंडळाचंच होतं. पाहुणे आले की कुणा ना कुणा बाईला ते नेसवायचे, हे मला तवा कळलं.

पत्र्याच्या शेडात जाऊन मी ते उलगडलं. मी शिवणारी बाई. झिजून विरलेलं कापड वेगळं आणि कात्री लावलेलं वेगळं. त्या लुगड्याला खांद्यापाशी आणि गुडघ्यापाशी नीट कात्री लावलेली होती. कुणीतरी बसून, विचार करून लावलेली. माझ्या तोंडात थुंकी जमली. पण मी नेसले ते. का नेसले, तेबी सांगते.

लढाई संपली तवा लोणावळ्यात हे मंडळ निघालं. लहानसंच. ताईसाहेब, त्यांचे यजमान वकीलसाहेब आणि पुण्याची चार शिकलेली माणसं. लढाईनं ज्याचं घर मोडलं त्याला हात द्यायचा, माणसामाणसात वैर राहू द्यायचं नाही, गरिबाला त्याचा हक्क मिळवून द्यायचा, असं त्यांचं काम. फाटकावर पाटी होती. मला वाचता येत नव्हतं. वकीलसाहेबांनी एकदा वाचून दाखवली, 'सर्वांस शांती, सर्वांस समान हक्क.' ऐकून मला भरून आलं होतं. खोटं कशाला बोलू?

तिथं आम्हा रांडमुंड बायांना शिवण शिकवायचे. मराठ्यांच्या बाया पडवीत बसायच्या. एक तांबोळ्याची मुसलमान बाई होती, ती पडवीच्या कडेला. आम्ही महारणी मागं, पत्र्याच्या शेडात. सदरे शिवायचो, दवाखान्यातल्या जखमी शिपायांसाठी. आमच्या शेडातले सदरे आत नेताना स्वयंपाकीणबाई त्यावर पाणी शिंपडायची. शिपायांनी ओले सदरे अंगात घातले असतील, त्यांना काय ठाऊक. मला तिथं सगळे 'ती ब्रह्मदेशवाली' म्हणायचे. नाव कुणी विचारलं नाही.

मालक ब्रह्मदेशातल्या लढाईवर होते. पण ते तिथं मेले नाहीत. हे नीट ऐका, कारण सगळा घोळ इथंच आहे. ते जित्ते परत आले. पोटात तोफेच्या गोळ्याचं लोखंड घेऊन आले, पण आपल्या पायांनी चालत आले. येताना चार इंग्रजी शब्द शिकून आले. यस, नो, हॉल्ट, क्विक मार्च. सासूला म्हणायचे, "आये, भाकर हाय का? यस का नो?" आणि म्हातारी हसून हसून वाकडी व्हायची. तिला बी ते शब्द पाठ झाले होते. मला बी.

पावसाळा लागला आणि जखम आतून पिकली. पोट फुगलं. पोळ्याच्या दिवशी ताप इतका चढला की ते मला ओळखीनात. लोणावळ्याचा दवाखाना गाठायचा तर गाडी पाहिजे. आमचं गाव औंढे गावाच्या पल्याड, डोंगराच्या अंगाला. गुडघ्याएवढ्या चिखलाची वाट. गावात बैलगाड्या होत्या, महारवाड्यात एकबी नव्हती. मी आणि सासू गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या दारात गेलो. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. त्यांच्या अंगणात बैल उभे होते. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, गळ्यात माळा. घरच्या बाया त्यांना पुरणपोळी चारत होत्या.

सासूनं लांबूनच चिखलात डोकं टेकलं. "आबा, गाडी द्या. पोरगं चाललंय माजं."

आबा म्हणाले, "आज बैल पुजलेत. आज जुंपत न्हाईत, तुला म्हाईत न्हाई व्हय? आन महाराचं अंग गाडीला लागलं की सगळी पूजा बाटली. उद्या ये."

उद्या ये म्हणाले. सासू तशीच पडून राहिली. एका बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली, पोरं हसली. त्या दिवशीचं आंब्याच्या पानांचं तोरण सकाळी आमच्याच माणसांनी वेशीला बांधलं होतं. आमच्या हातचं तोरण चाललं. त्याच्याखालून बैल गेले तर बाटले नाहीत.

मग आमच्या वाड्यातल्या माणसांनी घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली आणि मालकांना उचललं. मी मागनं पळत होते. औंढ्याच्या ओढ्यापाशी झोळी जड झाली. उचलणाऱ्याला ते कळतं. त्यांनी झोळी खाली ठेवली आणि माझ्याकडं कुणी बघेना.

हे सगळं मी ताईसाहेबांना सांगितलं होतं. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. खरंच आलं, ते मी नाकारत नाही. मग डोळे पुसून म्हणाल्या, "हे पाहुण्यांपुढं नको हं. आपलं काम शांततेचं आहे. अशानं गावात भांडणं लागतील." आणि त्यांनी मला दुसरंच शिकवलं. रोज दुपारी शिवण थांबवून म्हणून घ्यायच्या. 'माझे पती रणांगणावर धारातीर्थी पडले. माझ्या मनात शत्रूबद्दल वैर नाही. जगात शांती नांदो.' ते 'धारातीर्थी' माझ्या तोंडात बसता बसेना. पडवीतल्या बाया पदराआड हसायच्या.

"नीट म्हटलंस तर पाहुणे तुला मशीन देतील," ताईसाहेब म्हणाल्या. "घरी न्यायचं. तुझं स्वतःचं."

मशीन! त्या शब्दानं मी पागल झाले. घरात मशीन आलं असतं तर कुणाच्या गोठ्यात शेण उचलायला नको, दारोदार 'भाकर वाढा वं माय' म्हणून गावकामाच्या बदल्यातली येसकराची भाकर मागत फिरायला नको. सासूचं म्हातारपण सुखानं गेलं असतं. मला झोपेतबी मशीनचं चाक फिरताना दिसायचं.

घरी भाकऱ्या थापता थापता मी ते घोकत बसले होते. सासू चुलीपुढं बसून ऐकत होती. म्हणाली, "कुणाचा नवरा गं ह्यो?"

"तुमचाच ल्योक की, आत्याबाई."

"माज्या लेकाला जपानी मारू शकला न्हाई," म्हातारी म्हणाली. "त्यो मेला त्यो आपल्या गावापायी. मशीन आन, मी नगं म्हनत न्हाई. पर माज्या लेकाला आनि एकदा मारू नगंस."

तव्यावरची भाकर करपली, ती मीच खाल्ली.

तर अशी मी ते कात्री लावलेलं लुगडं नेसून पुढच्या अंगणात गेले. पाहुणे व्हरांड्यात खुर्च्यांवर बसले होते. एक गोरा साहेब, त्याची मडम आणि मुंबईचे एक शेठ. मला खाली अंगणात उभं केलं. पाहुण्यांना मराठी कळत नव्हतं, म्हणून वकीलसाहेब पायरीवर उभे राहिले, माझं बोलणं इंग्रजीत सांगायला. बाकीच्या बाया भिंतीकडंला.

"माझे पती," मी म्हणलं आणि अडकले. वारा सुटला होता. लुगड्याची चीर फाकली आणि माझा उघडा गुडघा सगळ्यांना दिसला. मडमेनं बघितला. शेठनं बघितला. मी हातानं झाकायला गेले, तर ताईसाहेबांनी डोळ्यांनी खुणावलं, राहू दे. राहू दे! माझ्या डोक्यात तिडीक गेली. असं उघडं करायला मालकांनी मला नांदवलं नव्हतं.

"माजा मालक लढाईत मेला न्हाई," मी म्हणलं. "जित्ता आला हुता. पोळ्याच्या दिवशी गावानं गाडी दिली न्हाई, म्हनून मेला. म्हाराच्या अंगानं बैलांची पूजा बाटती म्हनले. तुमी मला शिकवता, वैर न्हाई म्हन. कुनासंगं न्हाई म्हनू? जपानी मी बगितलाबी न्हाई. ज्यानं गाडी दिली न्हाई, त्यो मला रोज दिसतो."

भिंतीकडंची एक बाई तोंडातल्या तोंडात "अगं बाई" म्हणाली. वकीलसाहेब खाकरले आणि इंग्रजीत बोलले. मी एवढं बोलले, त्यांचं दोन वाक्यांत उरकलं. त्यातलं 'जपान' तेवढं मला कळलं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मडमेनं रुमालानं डोळे टिपले आणि माझ्याकडं बघून गोड हसली.

मी खुळ्यासारखी बघत राहिले. माणसाचं मरण सांगितलं आणि टाळ्या? हसू? मग डोक्यात लख्ख उजेड पडला. वकीलसाहेबांनी माझं बोलणं सांगितलंच नव्हतं. ताईसाहेबांनी शिकवलेलंच त्यांनी म्हणून दाखवलं होतं. मी तोंड उघडलं काय आणि मिटलं काय, त्यांना सारखंच होतं.

तेवढ्यात गड्यांनी मशीन आणलं. काळं, चकचकीत, वर सोनेरी वेलबुट्टी. त्याला झेंडूची माळ घातली होती, कुंकू लावलं होतं. पोळ्याच्या बैलासारखं सजवलं होतं.

ताईसाहेब हळूच म्हणाल्या, "पदर पसर. वाक."

मडम मशीन माझ्या हवाली करायला उठून पुढं आली. मी पदर घट्ट आवळून धरला. तिच्या डोळ्यात बघितलं आणि म्हणलं, "नो."

तिला वाटलं, मी चुकून बोलले. ती परत हसली.

"नो, मडम. नो." मी मशीनकडं बोट केलं. मग वकीलसाहेबांच्या तोंडाकडं केलं. "नो."

मालकांच्या चार शब्दांतला एक कामाला आला. ह्याला मधे कुणी लागत नव्हतं. मडमेचं हसू गेलं. तिनं वकीलसाहेबांना काहीतरी विचारलं, त्यांचं तोंड लाल झालं. ताईसाहेब पहिल्यांदा माझ्यावर ओरडल्या, "वेडी आहेस का तू? तुझंच नुकसान करून घेते आहेस!"

"व्हय," मी म्हणलं. "माजंच हाय ते."

शेडात जाऊन मी जांभळं नेसले. त्या पांढऱ्या लुगड्याची घडी घातली आणि व्हरांड्याच्या पायरीवर, सगळ्यांच्या देखत ठेवली. आम्ही मागच्या बोळानं यायचं-जायचं, अशी तिथली रीत होती. त्या दिवशी मी पुढच्या फाटकातून, त्या पाटीखालून बाहेर पडले. मला कुणी अडवलं नाही.

वाटेत मी रडले. मोठ्यानं रडले. मशीन गेलं म्हणून रडले, उगा मोठेपणा कशाला सांगू? औंढ्याच्या ओढ्यापाशी बसून रडले आणि तोंड धुऊन घरी गेले. सासूनं माझे रिकामे हात बघितले. "काय सांगितलंस?" म्हणाली. मी सांगितलं. ती उठली आणि तिनं माझ्यापुढं भाकर ठेवली.

मंडळाचं काम सुटलं. ते पांढरं लुगडं पुढं दुसऱ्या कुणी नेसलं असेल. तिला मी नावं ठेवत नाही, पोट वाईट असतं. पण शांतता म्हणजे काय, ते मला त्या अंगणात कळलं. मार खाणाऱ्यानं ओरडायचं नाही, ह्याला ती माणसं शांतता म्हणत होती. असली शांतता मला नको.

पुढचा पोळा यायच्या आधी मी महारवाड्यातल्या घराघरात गेले. ज्या वेशीतून आपलं माणूस झोळीत गेलं, तिला तोरण बांधायचं नाही, म्हणलं. काही घाबरले. गावची भाकर बंद होईल म्हणाले. झालीच बंद. पण त्या साली वेशीला तोरण लागलं नाही. वाजंत्री वाजवत बैल आले, तर मी जांभळं नेसून वेशीत मधोमध उभी.

बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं म्हणतात. आता काय घटायचं राहिलं होतं?

"राघू!" मी ओरडले. "राघू नाव हाय त्याचं. लढाईतनं जित्ता आला आन ह्या बैलांच्या पूजेपायी मेला."

वाजंत्री थांबली. आबा म्हणाले, "बाजूला हो, अवदसे." मी झाले नाही. त्यांच्या गड्यानं काठी मारली, खांद्यावर वळ उठला. मी परत नाव घेतलं. शेवटी त्यांनी बैल वळवले आणि शेताच्या वाटेनं नेले.

दरसाल पोळा येतो. दरसाल मी तिथं उभी राहते. मिटवून घे, गावात शांतता राहू दे, असं सांगायला आताशा शहाणी माणसं माझ्या दारात येतात. त्यांना माझं एकच सांगणं आहे. आधी पोळ्याच्या दिवशी महाराच्या आजाऱ्यासाठी गाडी जुंपा. ती माझ्या डोळ्यांनी वेशीतून जाताना बघू द्या. तवर राघूचं नाव ऐकायची कानांना सवय करा.