रिकाम्या खुर्च्या

भाजीच्या गाडीवर टोमॅटो निवडता निवडता आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी शेजारच्या काकूंना विचारलं, "खोकला थांबला का?"

काकू अवघडल्या. "थांबला. पण दुसऱ्या डॉक्टरांच्या औषधानं."

मी नजर भाजीकडे वळवली. बरा झालेला पेशंट दवाखान्यात परत येत नाही आणि कंटाळून दुसरीकडे गेलेलाही येत नाही. दोघांच्या रिकाम्या खुर्च्या सारख्याच दिसतात. त्या सगळ्या बऱ्या झालेल्यांच्याच आहेत असं मानून डॉक्टरला आयुष्य सुखात काढता येतं.

बाईंनी हातातला टोमॅटो खाली ठेवला. "त्यांनी काय सांगितलं?"

"ॲसिडिटीमुळे होता म्हणे."

"हे मला सुचायला हवं होतं," त्या म्हणाल्या, आणि कोणती गोळी, किती दिवस, सगळं विचारत राहिल्या.

पुढचा खोकला मी बाईंच्याच दवाखान्यात नेणार आहे.