शेठच्या बंगल्यावरून आणलेलं

चहा घ्या आधी. रिकाम्या पोटी ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही.

माणूस दारूने बदनाम होतो, जुगाराने होतो. मी झोपेने झालो! आणि तेही साध्यासुध्या झोपेने नाही, कुशीवर झोपल्याने. हसताय? हसा. तेव्हा आमचं अख्खं गोडादरा हसलं होतं, त्यात तुम्ही चार जण जास्त.

नव्वदनंतरची वर्षं. मी सुरतेत गोडादऱ्याला राहायचो आणि बमरोलीला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कारीगर होतो. एके दिवशी तेलावर पाय घसरला आणि सुताने भरलेला बीम, म्हणजे तो जाड लोखंडी रूळ हो, माझ्या पाठीत बसला. डॉक्टर म्हणाला, "नशीब समजा, हाड वाचलं. आता काही दिवस उताणं झोपायचं नाही. कुशीवर झोपा."

कुशीवर! बोलायला त्याचं काय जातं? फरशीवर चटई टाकून कुशीवर झोपून बघा एकदा. खांदा वर येतो, खुबा खाली टोचतो, आणि खालचा हात कुठे ठेवायचा ते काही केल्या कळत नाही. दिवसा दोन हात पुरत नाहीत आणि झोपताना एक जास्त होतो!

घरात मी एकटा. बायको, मंगल, दोंडाईच्याकडे माहेरी गेलेली, धाकट्या भावाचं लग्न होतं. लग्नघरात कशाला विघ्न, म्हणून मी पाठीचं तिला कळवलंच नाही. आमच्या लग्नाला दहा-अकरा वर्षं झालेली, पण घरात तिसरं माणूस नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले. मग आम्ही दोघांनी तो विषयच बंद करून टाकला. ती दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवायची, मी लूम चालवायचो. विषय नसला तरी दिवस जातात.

तर मी शेठच्या बंगल्यावर रजा मागायला गेलो. शेठ नव्हते. शेठाणी माळा आवरत बसलेली. माझं वाकडं चालणं बघून तिला दया आली. म्हणाली, "पीठ में लगा है? फिर ये ले जा. सोने के काम आएगा."

आणि तिने माझ्यापुढे हिरव्या नायलॉनचं एक गाठोडं टाकलं. उघडून बघतो तर झोळी! डोंगरात तंबू घेऊन फिरतात ना लोक, ते दोन झाडांना बांधून झोपतात, ती. तिचा मुलगा, छोटा शेठ, कॉलेजच्या पोरापोरींबरोबर हिमालयात कॅम्पला गेला होता, तेव्हाची त्याची हौस. "शेठ आवे ते पहेला लई जा," ती म्हणाली, "नाही तर बोलतील, सगळं घर वाटून टाकते."

म्हणजे बघा, पाठ मोडली शेठच्या लूमवर, आणि भरपाई काय, तर शेठच्या पोराची झोळी! पण मी खूश. गरिबाला खूश करायला फार लागत नाही, तीच तर गोची आहे.

गुजरातेत घर बांधताना आधी हिंडोळ्याच्या कड्या बसवतात आणि मग भिंती उभ्या करतात. आमच्या भाड्याच्या खोलीतही छताला दोन कड्या होत्याच. मी झोळी ताणून बांधली आणि सरळ आत पडलो. केळं झालं माझं! डोकं वर, पाय वर, दुखरी पाठ खाली बाकदार. कुशीवर वळायला गेलो, तर झोळीने मला कपडे झटकावेत तसं फरशीवर झटकलं.

दोन दिवस ही कुस्ती चालली. मग युक्ती सापडली. लिहून घ्या, कामाला येईल! झोळी ताणायची नाही, सैल बांधायची. आणि तिच्यात सरळ झोपायचं नाही, तिरपं झोपायचं. डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या कडेला. कापड आपोआप खाटेसारखं सपाट होतं. मग सावकाश कुशीवर वळायचं, वरचा गुडघा पोटाशी घ्यायचा, दोन गुडघ्यांत उशी धरायची. अहाहा! खांदा टोचत नाही, खुबा टोचत नाही, आणि खालचा हात कुठे गेला त्याची चौकशीसुद्धा करावीशी वाटत नाही. नायलॉन अंगाला चिकटायचं, म्हणून मी मंगलचं एक जुनं सुती लुगडं आतबाहेर गुंडाळलं. एक दोरी पायाशी बांधली. जरा ओढली की झोळी हलायची आणि वरची कडी बारीक आवाज करायची, "कुंईं... कुंईं..."

आता खोलीला खिडकी एक, आणि खिडकीसमोर सुमनवहिनींचं दार. त्या पारोळ्याकडच्या. मंगलची जिवाभावाची मैत्रीण. त्यांना खिडकीतून काय दिसलं? लुगड्याची झोळी. ऐकू काय आलं? कुंईं कुंईं.

दुसऱ्या दिवशी मी दारात उभा, तर त्या आल्या. आवाज एकदम खाली.

"भाऊ, झोळी बांधली?"

"बांधली ना वहिनी! काय सांगू, घराला घरपण आलं."

"कधी आणलं?"

आता त्या वस्तूचं इंग्लिश नाव मला धड येत नव्हतं, म्हणून मीही तिला 'ते'च म्हणत होतो. सगळा घात त्या 'ते'ने केला.

"परवा आणलं. शेठच्या बंगल्यावरून."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. "शेठच्या?"

"छोट्या शेठचं आहे. तो पोरापोरींबरोबर डोंगरात गेला होता ना, तेव्हाचं. आता त्याची हौस फिटली, घरात नको झालं. शेठाणी म्हणाली, शेठ यायच्या आत घेऊन जा."

"देवा! आणि नाव? नाव काय?"

"नाव इंग्लिश आहे हो. हॅमक का काय म्हणतात."

"हेमंत?"

"तसंच काहीतरी."

"मंगलला ठाऊक आहे?"

"तिला कुठून असणार? आल्यावर बघेल. खरं सांगू वहिनी, माझ्यापेक्षा तिलाच जास्त गरज होती. दिवसभर वाकून वाकून बिचारी..."

पुढचं मी कमरेचं बोलणार होतो. पण वहिनींचे डोळे भरून आले. मला वाटलं, काय हा शेजार! माझ्या पाठीसाठी रडणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी खिडकीतूनच विचारलं, "भाऊ, दूध पाठवू का?"

"पाठवा की! हळद घालून पाठवा."

"हळद? एवढ्याशाला?"

"एवढंसं कशाला? चांगला गिलासभर पाठवा!"

त्या कपाळाला हात लावून आत गेल्या. पण दूध आलं. मऊ खिचडी आली. गल्लीतल्या बाया माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. 'बाप्या माणूस, एकटा, आणि कसं निभावतोय बघा!' हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि मान डोलावली. घरमालकीण कोकिलाबेन, कधी भाड्याशिवाय तोंड न उघडणारी, ती येऊन म्हणाली, "मारे त्यां घोडियुं पड्युं छे. जोईए तो लई जा."

मला वाटलं, घोडी म्हणते आहे, कडीपर्यंत चढायची, स्टुलासारखी! म्हटलं, "नको बेन, घोडी कशाला? माझा हात पोचतो."

ती माझ्याकडे बघत बघत गेली. घोडियुं म्हणजे गुजराती पाळणा, हे इतकी वर्षं सुरतेत काढून मला माहीत नव्हतं. कसं असणार? कधी आणायची वेळच आली नव्हती.

तुम्ही म्हणाल, एकीने तरी आत डोकावून बघायचं! बघणार होत्या. पण सुमनवहिनींच्या सासूने, गोदामायने, दम भरला होता, की मंगल येईस्तोवर कुणी तोंड बघायचं नाही, पहिला मान आईचा. आणि वहिनींचा दीर गावी निघाला होता, त्याच्याबरोबर मंगलला निरोप गेला. 'घरी बाळ आलंय. लगेच नीघ.'

यातलं मला काही म्हणजे काही ठाऊक नाही. मी कुशीवर.

त्या दुपारी मी जेवून झोळीत पडलेलो. तिरपा, डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, लुगडं डोक्यावरून घेतलेलं. मंगल पॅसेंजरने उधना स्टेशनला उतरली आणि तशीच घरी आली. मागोमाग गल्लीतल्या सगळ्या बाया. दाराशी तिने हातपाय धुतले. बाहेरून आलेल्या पायांनी तान्ह्याजवळ जाऊ नये म्हणतात ना, म्हणून. बाहेरून आलेल्या पायांनी तान्ह्याजवळ जाऊ नये म्हणतात ना, म्हणून. मग ती चवड्यांवर चालत झोळीपाशी आली आणि मागच्यांना हाताने खूण केली, उठवू नका.

दोन बोटांनी तिने लुगडं बाजूला केलं.

मी डोळे उघडले. समोर मंगलचं तोंड, वीतभर अंतरावर. असं तोंड मी तिचं लग्नातही पाहिलं नव्हतं. कधीच नाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत ते विझलं.

तेवढ्यात तिच्या खांद्यावरून गोदामायने मान आत घातली आणि किंचाळली, "आय माय व! याले त मिशा शेतस!"

काय हसल्या बाया! एक तर उंबऱ्यातच बसली. मी घाईने उठायला गेलो, झोळी फिरली आणि मी मंगलच्या पायाशी आदळलो. दुखऱ्या पाठीवरच. आणखी हसल्या. फक्त सुमनवहिनी हसल्या नाहीत. त्यांनी एकेकीच्या दंडाला धरून सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं.

मंगल भिंतीशी बसली. मांडीवर गाठोडं. त्याची गाठ सुटली होती, आत दोन टोपडी, एक कुंची, जुन्या मऊ लुगड्याचे लंगोट, आणि गुटी उगाळायला तिच्या आईने दिलेली सहाण.

"गाडीत सगळ्यांना सांगत आले मी," एवढंच ती म्हणाली.

आता अशा वेळी शहाण्या नवऱ्याने काय बोलावं? मला आजही ठाऊक नाही. पण काय बोलू नये ते पक्कं ठाऊक आहे, कारण मी तेच बोललो. म्हटलं, "मंगल, यात कुशीवर झोप मात्र छान लागते. तू पडून बघ."

मला वाटलं, सहाण फेकून मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि खरंच झोळीत जाऊन पडली. कुणी न शिकवता तिरपी. भिंतीकडे तोंड करून, कुशीवर, गुडघे पोटाशी. मला जे दोन दिवस पडून पडून जमलं ते तिला पहिल्या फटक्यात जमलं. मी खाली बसून दोरी ओढत राहिलो. वर कडी वाजत होती, आणि मध्येमध्ये दुसराही एक आवाज येत होता. तो कडीचा नव्हता.

इथं संपलं असतं तरी चाललं असतं. पण संध्याकाळी शेठचे मेहताजी, म्हणजे हिशेब लिहिणारे मुनीम, स्कूटरवर हजर. "शेठ बोलावतात. आत्ता."

का बोलावतात, तेही मेहताजींनीच दारात उभ्याउभ्या सांगितलं. छोट्या शेठची सगाई ठरत होती, आणि बमरोलीच्या सगळ्या कारखान्यांतून एकच बातमी फिरत होती, की छोट्या शेठचं पाप गोडादऱ्यात एका कारीगराच्या झोळीत झोपलंय! मी कडीवरून झोळी सोडली, घडी केली आणि नेऊन शेठच्या टेबलावर ठेवली.

"हेच आहे शेठ. छोट्या शेठचं. दुसरं काही नाही."

शेठने झोळी उलगडून बघितली. माझ्याकडे बघितलं. आणि असे हसले, असे हसले, की चष्मा काढून डोळे पुसले. माझ्यासाठी चहा मागवला. मला वाटलं, सुटलो. चहा संपल्यावर म्हणाले, "प्रकाश, कल से मत आना."

"पण शेठ, खोटं होतं ना सगळं!"

"खोटुं छे ते मला माहीत आहे. पण तू समोर दिसला की लोक पुन्हा विचारणार. सगाईचा मामला आहे, भाई."

झोळीही त्यांनी ठेवून घेतली.

बरं, मला काढल्याने बातमी मेली असेल? छे! उलट पक्की झाली. 'काही नव्हतं तर शेठने काढलं कशाला? आग असल्याशिवाय धूर निघतो का?' ज्या बायांनी माझ्या मिशा पाहिल्या होत्या त्या सोडून बाकी सुरतेचा निकाल झाला, की शेठने दाबून टाकलं आणि यांनी पोर गावाला नेऊन ठेवलं. पुढं मी दुसरीकडे कामाला लागलो, आम्ही खोली बदलली. पाठ बरी झाली, म्हणजे पावसाळा सोडून.

मग बऱ्याच वर्षांनी एका लग्नात बमरोलीचा जुना कारीगर भेटला. मंगल शेजारीच उभी, हातात जेवणाचं ताट. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आपलेपणाने विचारलं, "काय हो, पोरगं कितवीत गेलं?"

पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं? त्या लग्नाच्या गर्दीत, मंगलसमोर? मी "अहो, ते..." म्हणून सुरुवात केली.

"तिसरीत आहे," मंगल म्हणाली. शांतपणे. "पाढे काही पाठ होत नाहीत त्याचे. बापावर गेलाय."

आणि ताट घेऊन वाढप्याकडे निघून गेली.

तो माणूस माझ्यावरच डाफरला. "अहो, मग शिकवणी लावा की! एकुलतं एक पोरगं तुमचं."

मी म्हटलं, "लावतो."