पालीचा उतार

माझ्या वडिलांनी, मुरलीधर खांबेट्यांनी, सत्तेचाळिसाव्या वर्षी पिकअप घेतली. १९९३ साल होतं. ज्या सरकारी कंपनीत ते एकवीस वर्षं स्टोअरकीपर होते, तिथे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि पहिल्याच यादीत त्यांचं नाव लागलं. आई, इंदुमती, दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात स्टेनो होती. सरोजिनी नगरचं क्वार्टर तिच्या नावावर होतं, त्यामुळे डोक्यावरचं छप्पर गेलं नाही. पण सकाळी आई ऑफिसला, मी शाळेत आणि बाबा घरी, हे दृश्य तीन महिन्यांच्या वर कुणालाच झेपलं नाही.

गुडगावात तेव्हा नवीन सेक्टर वसत होते आणि कोठ्यांमध्ये, म्हणजे बंगल्यांमध्ये, नर्सिंग होम निघत होती. त्यांना ऑक्सिजनचे सिलिंडर लागत, आणि ते वेळेवर आणून देणारं कुणी नव्हतं. स्टोअरमध्ये असताना बाबांनी गॅसच्या सिलिंडरांचे व्यवहार पाहिलेले होते. फरिदाबादच्या प्लांटमधून भरलेले सिलिंडर उचलायचे, गुडगावला पोचवायचे आणि रिकामे परत न्यायचे, असं काम त्यांनी सुरू केलं.

आईला ती गाडी पहिल्या दिवसापासून आवडली नाही. मालवाहू म्हणून पिवळी नंबर प्लेट. लांबी इतकी की क्वार्टरच्या जिन्यासमोर उभी केली की दोन स्कूटरवाल्यांची वाट अडायची. सकाळी मालवाहू गाड्यांना बंदी सुरू व्हायच्या आत दिल्लीबाहेर पडायला हवं, म्हणून बाबा साडेसहाला ती चालू करायचे आणि डिझेलच्या धडधडीने पूर्ण ब्लॉक जागा व्हायचा. वरच्या मजल्यावरच्यांनी तर लेखी तक्रार केली होती, की रिकामे का असेनात, सिलिंडर आमच्या खिडकीखाली नकोत. तो कागद आईच्याच ऑफिसातून फिरत तिच्या टेबलावर आला होता.

आणि तरीही तीच गाडी सगळ्यांना हवी असायची. करोल बागेत खोल्या घेऊन यूपीएससीचा अभ्यास करणारी लातूर-बीडकडची मुलं खोली बदलली की बाबांना फोन करायची. महाराष्ट्र मंडळाचा गणपती तिच्यातूनच यायचा. बाबा कुणालाही नाही म्हणत नसत. ती पिकअप रिकामी असली की प्रत्येक खड्ड्यात उसळायची आणि डोकं छताला लागायचं. भरली की मात्र शहाण्यासारखी रस्ता धरून चालायची. बाबांना तिचा प्रत्येक आवाज माहीत होता. चार वर्षांत आई तिच्यात एकदाही बसली नव्हती. बाबांनी आग्रह करायचंही सोडून दिलं होतं.

पुढचं मला आईने सांगितलं आणि बाबांनीही सांगितलं, पण दोघांनी एकत्र बसून कधीच नाही.

१९९७चा जून. शनिवार असल्याने आईला सुट्टी होती आणि मालवाहू गाड्यांना सकाळची बंदीही नव्हती. गुडगावात आम्ही एका सोसायटीत फ्लॅट बुक केला होता. चौथ्या मजल्याचा स्लॅब पडला, येऊन बघून जा, असं बिल्डरचं पत्र आलं होतं. आदल्या दिवशी प्लांटमध्ये वीज नव्हती म्हणून बाबांची खेप चुकली होती. सकाळी आठलाच डॉक्टर पार्वती नायर यांचा फोन आला. त्यांच्या नर्सिंग होममध्ये दोन पेशंट ऑक्सिजनवर होते आणि असलेला साठा फार तर बारापर्यंत पुरणार होता.

बाबा निघाले, तेव्हा आई पर्स घेऊन दारात उभी होती. सिलिंडर देऊन तसंच फ्लॅट बघायला जाऊ, पुन्हा वेगळी खेप नको, असं म्हणाली. आणि त्या पिवळ्या प्लेटच्या गाडीत चढून बसली.

प्लांटमध्ये चौदा सिलिंडर चढवले. प्रत्येक साठ किलोच्या आसपास, माणसाच्या खांद्याएवढा उंच. बाबांनी ते उभे लावले, दोन्ही बाजूंनी साखळी आवळली, प्रत्येकाच्या तोंडावरची टोपी हाताने फिरवून पाहिली. साडेदहाला ते फरिदाबाद सोडून गुडगावच्या रस्त्याला लागले.

तो रस्ता तेव्हा ओसाड होता. पालीपासून डोंगर सुरू व्हायचे. डोंगर म्हणजे खाणींनी कुरतडलेल्या टेकड्या, मध्ये खडी फोडणारे क्रशर, आणि रस्त्याभर दगड वाहणारे डंपर. हवा पांढरी झालेली असायची. खिडकी उघडावी तर धूळ, बंद करावी तर इंजिनाची आग पायाशी. आई तोंडाला पदर लावून बसली होती. बाबा ब्रेक दाबताना एकदा दाबून सोडतात आणि मग लगेच दुसऱ्यांदा दाबतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. अशी गाडी अशीच चालवतात, असं तिला वाटलं.

चढ संपला आणि उतार लागला. पुढे शंभरेक पावलांवर एक भरलेला डंपर रांगत चालला होता. बाबांनी ब्रेक दाबला. पाय सरळ खाली गेला आणि तळाला टेकला. दुसऱ्यांदा दाबला, तसंच. तिसऱ्यांदा दाबला.

आईला काही कळलं नव्हतं. तिला फक्त बाबांचा गुडघा वरखाली होताना दिसला. मग ते म्हणाले, "इंदू, पाय पुढे टेकव आणि घट्ट धर."

आवाज नेहमीसारखाच होता. त्यामुळेच ती जास्त घाबरली, असं ती सांगायची.

बाबांनी गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर पाडला. इंजिन किंचाळलं, गाडीला हिसका बसला आणि मागे चौदा सिलिंडर एकाच वेळी साखळीवर आदळले. वेग थोडा मोडला, पण चौदा सिलिंडरांचं वजन मागून ढकलत होतं. हँडब्रेक ओढला, तो तेलात भिजलेल्यासारखा नुसता घसरला. डंपरचा मागचा फाळका मोठा होत चालला. उजवीकडून समोरची वाहनं येत होती. डावीकडे दगडी कठडा होता, त्याला घासून वेग कमी करावा तर साखळी तुटून सिलिंडर उडाले असते. एखाद्याचं तोंड दगडावर आपटून तुटलं तर तो तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो, हे बाबांनी कंपनीत असताना एकदा पाहिलं होतं. भिंतीला पडलेलं भोकही पाहिलं होतं.

त्यांनी हॉर्नवर हात ठेवला आणि काढलाच नाही. डंपरवाल्याने आरशात पाहिलं असावं, कारण तो पुढे पळायला लागला. त्याने मिळवून दिलेल्या त्या थोड्या जागेत कठडा संपला. क्रशरची बारीक खडी रस्त्याकडेला टाकलेली असते, तसा एक लांबट ढीग दिसला. बाबांनी पहिला गिअर घातला. घालताना गिअरबॉक्समध्ये काहीतरी कडकडलं. गाडी तिरकी न होऊ देता, नाकाने सरळ त्यांनी ती ढिगात घातली.

आईचं डोकं पुढच्या काचेला लागलं. चष्मा पडला. धुळीने समोरचं काहीच दिसेना. मग इंजिन आपोआप बंद पडलं आणि नुसता सिलिंडरांचा आवाज राहिला, एकमेकांवर टणटणणारा. तोही थांबला.

बाबा उतरून मागे धावले. एक साखळी तुटली होती, दुसरी टिकली होती. टोप्या सगळ्या जागेवर होत्या. ते परत येऊन दार धरून उभे राहिले. आईच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. तिने चष्मा शोधून घातला आणि घड्याळ पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"पहिल्या गिअरमध्ये हळूहळू नेतो," बाबा म्हणाले. "उतार थोडाच उरलाय."

"नाही," आई म्हणाली. तिने चावी काढली, पर्समध्ये टाकली आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

तीन डंपर तिला वळसा घालून गेले. चौथा रिकामा होता. ती बाजूला झालीच नाही, म्हणून तो थांबला. चालवणारा इसाक नावाचा, जवळच्या मेवात भागातला माणूस होता, टायर बदलायला गुडगावला निघालेला. त्याने आधी हात झटकले. गॅसचे सिलिंडर म्हटल्यावर कोण हात लावणार? फुटले तर आपण पण जाऊ, म्हणाला. आईने त्याला घाई केली नाही. हा स्वयंपाकाचा गॅस नाही, हवा आहे, दवाखान्यातली, असं तिने शांतपणे सांगितलं. मग म्हणाली, "बारह बजे वहाँ ख़तम हो जाएगी. दो लोग हैं. अब पचास मिनट हैं, भाई."

इसाक क्षणभर तिच्या कपाळाकडे बघत राहिला आणि खाली उतरला.

त्याने डंपरची मागची बाजू पिकअपच्या फाळक्याला आणून भिडवली. डंपरचा तळ पिकअपपेक्षा दोन फूट उंच होता. बाबा, इसाक आणि त्याच्यासोबतचा माणूस अशा तिघांनी मिळून सहा सिलिंडर वर चढवले आणि गोणपाटावर आडवे निजवून दोन्ही बाजूंना दगड लावले. त्याहून जास्त चढवायला वेळच नव्हता. उरलेले आठ सिलिंडर उघड्यावर टाकून बाबांना जाता येणार नव्हतं. म्हणजे आईनेच जायला हवं होतं, आणि ते नर्सिंग होम तिने कधी पाहिलं नव्हतं. बाबा भराभर रस्ता सांगत गेले, आणि तिने तो मालाच्या पावतीच्या पाठीवर शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतला. मग साडी सावरत डंपरच्या केबिनमध्ये चढली.

बाबांनी त्यानंतरचे तीन तास ढिगाजवळ काढले. पोचली की नाही, हे कळायचा काही मार्गच नव्हता. जवळच्या क्रशरवर फोन होता. तिथून त्यांनी मेकॅनिक हरीशला बोलावलं. नर्सिंग होमचा नंबरही फिरवून पाहिला, पण कुणीच उचलत नव्हतं. कुणी का उचलत नसेल, याचा विचार करत ते उन्हात परत येऊन गाडीच्या सावलीत बसले.

कुणी उचलत नव्हतं, कारण सगळे वरच्या खोलीत होते. आई पोचली तेव्हा बाराला सात मिनिटं कमी होती आणि शेवटच्या सिलिंडरचा काटा तळाला गेला होता. न्यूमोनिया झालेल्या एका म्हातारबाबांच्या तोंडावर मास्क धरून डॉक्टर नायर स्वतः श्वास द्यायचा फुगा दाबत होत्या. पलीकडच्या खाटेवर एक बाई डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती. तिच्या छातीचा आवाज दारापर्यंत येत होता. इसाकने आणि वॉर्डबॉयने पहिला सिलिंडर जिन्यावरून अक्षरशः ओढत वर नेला. नळी जोडली आणि तिच्या बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे सुरू झाले. डॉक्टर नायरांनी वर बघितलं आणि खांबेटे कुठे आहेत, असं विचारलं. आईला तेव्हा पहिल्यांदा रडू आलं. ते दोघेही पेशंट त्या दिवशी वाचले. म्हातारबाबा पंधरा दिवसांनी चालत घरी गेले. बाईंचं पुढे काय झालं, ते आम्हाला कळलं नाही.

इसाकने परत जाताना तिला ढिगापाशी आणून सोडलं. तोवर हरीश गाडीखाली शिरला होता. आई समोर उभी आहे, हे त्याला दिसलंच नाही. तिथूनच तो बोलला, "भाईसाब, आठ दिन से बोल रहा हूँ, पीछे से ब्रेक का तेल जा रहा है. एक दिन के लिए गाड़ी छोड़ देते."

बाबांनी आईकडे पाहिलं. तिने पर्समधली चावी काढून बॉनेटवर ठेवली आणि फरिदाबादच्या बसला हात केला. फ्लॅट बघायचा राहूनच गेला.

संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा ती भाजी निवडत होती. मी आतल्या खोलीत होते, आणि हे एवढं मात्र मी माझ्या कानांनी ऐकलं.

"तुम्हाला माहीत होतं," आई म्हणाली. "आणि तरी मला शेजारी बसवलंत."

"हो."

"का?"

"सिलिंडर पोचवायलाच हवे होते," ते म्हणाले. "आणि चार वर्षांत पहिल्यांदा तू आपणहून बसलीस. उतर म्हणवेना."

पुढचे कितीतरी दिवस आई त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. डबा द्यायची, टेंगळावर तेल लावू द्यायची नाही. मी दोघांच्या मध्ये निरोप्यासारखी फिरत होते, आणि त्या घरात एवढी शांतता मी आधी कधी अनुभवली नव्हती. बाबांनी तिची माफी मागितली की नाही, मला माहीत नाही. काम त्यांनी सोडलं नाही. पण महिन्यातला एक दिवस गाडी हरीशकडे उभी राहायची, मग कुणाचाही फोन येवो. डॉक्टर नायरांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, की दोन दिवसांचा साठा जास्तीचा ठेवा, माझ्यावर विसंबून राहू नका. त्यांनी त्या दिवशीचं खरं कारणही सांगितलं. डॉक्टरांनी काम काढून घेतलं नाही.

आई पुन्हा त्या गाडीत बसायला पुढचा उन्हाळा उजाडला. तेही कुणाच्या तरी लग्नाला जाताना टॅक्सी मिळाली नाही म्हणून.

२००० साली आम्ही गुडगावच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. दिल्लीत जुन्या मालवाहू गाड्यांवर बंदी येत होती आणि सोसायटीत पिवळ्या प्लेटला जागा नव्हती. बाबांनी पिकअप विकायला काढली. पानिपतहून सूत वाहणारा एक मनुष्य बघायला आला. त्याने चक्कर मारली, बॉनेट उघडलं, खूश झाला. बाबा म्हणाले, थांबा. आणि सोसायटीच्या गेटबाहेर उभं राहून त्यांनी त्याला गाडीचं सगळं सांगितलं. पहिला गिअर कुठे अडतो, का अडतो, पालीच्या उतारावर काय झालं, आठ दिवस आधी काय माहीत होतं आणि शेजारी कोण बसलं होतं. एक शब्द गाळला नाही. तो मनुष्य गोंधळून गेला. विकणारा माणूस असं कशाला बोलेल, हे त्याला समजेना. विचार करून सांगतो, म्हणाला, आणि स्कूटरकडे वळला.

आई माझ्याबरोबर फाटकाशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पुढे झाली आणि त्याला हिंदीत म्हणाली, "घेऊन जा. आता ब्रेक चांगले आहेत. मी रोज बसते."

रोज ती काही बसत नव्हती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग लगेच दुसरीकडे बघितलं. त्या मनुष्याने गाडी नेली.